मावशीची घागर आन् आमची मोटार

आमचं घर म्हंजे मोटार. गावोगाव पडदा लावून शिनेमा दाखवायची गाडी व्हती ती. तिच्यातच झोपायचं, तिच्यातच स्टो पेटवून पिठलं टाकायचं. गाडीवाले चाचा ती हाकायचे आन् मी भोंग्यावर वरडायचो. वरडायचो काय, नकलाच करायचो. तहसीलदार, मारवाडी शेठ, रुसलेली नवरी, तहानलेली म्हैस, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला.

एकदा ऐन उन्हाळ्यात अंबडहून मंठ्याला जाऊन राह्यलो व्हतो. मधीच एका गावापाशी गाडीच्या तोंडातून भसाभस वाफ निघाली. चाचांनी लिंबाखाली गाडी घेतली, बॉनेट उचललं.

"रेडीवाटर सूख गया," चाचा म्हणाले. रेडिएटरला ते रेडीवाटरच म्हणायचे. "अपना डब्बा लाव."

डबा रिकामा व्हता. सकाळी मीच त्यातल्या पाण्यानं डोकं धुतलं व्हतं. मंठ्याच्या बाजारात पब्लिकपुढं उभं राह्यचं, केस बराबर पाह्यजेत ना.

चाचांनी माझ्या केसांकडं पाह्यलं. "जा मंग, मांगून आण. आन् ऐक, अगोदर गाडी थंडी होऊ दे. नरसाळं एका हातानं धरायचं, धार बारीक सोडायची. गरम इंजनावर सांडलं तर तडकंल."

मी पहिल्याच घरात शिरलो. अंगण ताजं सारवलेलं, बाजेवर धुतलेली सतरंजी. एक बाई दारात आली.

"मावशी, अंबडहून येतोय, मोटारीला तहान लागली हो."

"हिरीनं तळ गाठलाय, बाबा. संध्याकाळी पाव्हणे यायलेत पोरीला पाह्याला. त्यांच्यापुरती एक घागर धरून ठेवली."

मी काय केलं, तहानलेल्या म्हशीचा आवाज काढला. मावशी पदर तोंडाला लावून हसली. आतून पोरगीबी हसली.

"घे बाबा. पण अर्धी माघारी आण."

गाडीभवती पोरं जमली व्हती. पोरं दिसली का माझं तोंड सुटतं. नरसाळं लावलं, घागर उचलली आन् चाचांच्याच आवाजात सुरू केलं, "रेडीवाटर को पानी पिलाव! धीरे से! बेगमसाब नाराज होती!" पोरं फिदीफिदी हसाय लागली. त्यांना दाखवायला म्हणून मी नरसाळ्यावरचा हात काढून चाचांसारखी मिशी पिळली. नरसाळं कलंडलं. घागर दुसऱ्या हातातून निसटली. इंजनावर चर्र झालं आन् सगळं पाणी धुळीत.

चाचा माझ्यावर धावलेच. "अरे, वो घर का पानी था!" मंग इंजन चाचपाय लागले. इंजन वाचलं व्हतं.

वळून पाह्यलं तर मावशी उभी. वरडली न्हाई. ओल्या धुळीकडं पाहत हळूच म्हणाली, "अर्धी माघारी आण म्हणले व्हते मी."

घागर घेऊन हिरीवर गेलो. बायांची रांग. खाली उतरून झऱ्यातून तांब्या तांब्या पाणी भरायचं. एकही बाई बोलली न्हाई माझ्याशी. गावभर कळालं व्हतं.

भरलेली घागर खांद्यावर घेऊन अंगणात आलो तर पाव्हणे लौकरच येऊन बसलेले. माझा सदरा भिजलेला, पायाला चिखल. पोरगी मान खाली घालून पाटावर बसलेली. अशा टायमाला घरात अनोळखी तरणा पोरगा म्हंजे काय, ते पाव्हण्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत दिसलं.

"हे कोण?" थोरल्या पाव्हण्यानं इचारलं.

मावशीनं क्षणभर माझ्याकडं पाह्यलं. "भाचा हाये माझा. अंबडला असतो."

"अस्सं. काय करता?"

मास्तर म्हणावं, तलाठी म्हणावं, कुणाचाबी आवाज काढता आला असता. गळ्यात एकबी उरला न्हाई.

"पाणी भरतो," मी म्हणलो.

पोरीनं मान आणखी खाली घातली. मला तवा उमगलं, स्वतःला पाणक्या सांगून आपण तिच्या सोयरिकीत काय बोलून बसलो.

"लई चेष्टेखोर हाये," मावशी घाईनं म्हणाली. "लहानपणापासून अस्साच." थोरला पाव्हणा हसला, मंग बाकीचेबी हसले. पण हातातली सुपारी त्यानं न फोडताच पुन्हा ताटात ठेवली, ते मी पाह्यलं.

मावशीनं पाव्हण्यांचे तांबे भरले. उरलेली घागर माझ्या हातात दिली. "घे, तुह्या मोटारीला."

गाडीपाशी मी नरसाळं घट्ट धरलं आन् बारीक धार सोडली. थेंब सांडला न्हाई. पोरं वरडून राह्यली व्हती, "ए शिनेमावाल्या, म्हैस काढ ना!" चाचा म्हणाले, "आज गला बैठ गया क्या?"

घागर मी उंबऱ्याशी ठेवली आन् आत न पाहता निघालो. त्या रस्त्यानं मंग कैकदा गेलो. पोरीचं जमलं का न्हाई, हे थांबून इचारायची छाती झाली न्हाई.