शालजोडीतला, नंबर नऊ

टोमणे कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या चेन्नईतल्या एग्मोरच्या ऑफिसात तर लंचच्या टेबलावर चार मराठी माणसं आणि पुण्याचे कुलकर्णी साहेब. मग काय विचारता!

साहेबांचं गिऱ्हाईक ठरलेलं: हेडक्लार्क सेतुराव. तंजावरचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, दाराबाहेर तमिळ.

साहेब रुजू झाले त्या दिवशी सेतुराव म्हणाले, "मजला आपणांस भेटून बहु आनंद झाला."

"वा! तुम्ही बोललात की शिलालेख बोलल्यासारखं वाटतं!"

आम्ही फिस्सकन हसलो. सेतुरावांनी मात्र हात जोडले. "आमच्या तंजावरास आहे साहेब, देवळांत. फार मोठा!"

साहेबांनी आपल्याला शिलालेखाची उपमा दिली, हे त्यांनी घरी जाताना तांबरमच्या लोकलमध्ये सगळ्यांना सांगितलं.

*

एकदा त्यांनी घरचं सांबार आणलं. साहेबांनी वाटीत चमचा फिरवला. "छान! डाळ मागून येणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी सेतुरावांनी वेगळा डबा आणला. नुसती डाळ!

*

शेवटी त्यांनी मला गाठलंच. "अस्के हसतात. कां?" अस्के म्हणजे सगळे.

मी टोमणा म्हणजे काय ते सांगितलं. शब्द कुठून आला मला माहीत नाही, बहुतेक पुण्याहून. मग शालजोडीतला सांगितला: जोडा मारायचा, पण शालीत गुंडाळून. लागतो तेवढाच, दिसते मात्र शाल.

सेतुराव म्हणाले, "ह्या गांवांत आमची भाषा कोणास कळत नाही. साहेबांस कळते, म्हणून मी बोलत होतो."

मला फार वाईट वाटलं. हसणाऱ्यांत मीही होतो.

*

पण गडी चिकाटीचा! प्रॅक्टिस सुरू केली. साहेब एकदा दहाच्या ठोक्याला आले तर म्हणाले, "साहेब, आज घड्याळास बरं वाटलं असेल!"

साहेब चमकले. सेतुराव लगेच घाबरले. "हा टोमणा होता. सॉरी, साहेब."

पुढे महिनाभर हेच. टोमणा, पाठोपाठ सॉरी!

*

मग साहेबांची पुण्याला बदली झाली. सेतुरावांनी मला हळूच विचारलं, "साहेबांचा नंबर किती?" मी मोबाइल नंबर दिला.

"तो नव्हे," म्हणाले, आणि टेबलाखाली वाकून बघू लागले.

चेन्नईत शाल पांघरवल्याशिवाय कुणाला निरोप देत नाहीत. साहेब भाषणात म्हणाले, "सेतुरावांचं मराठी तेवढं इथेच ठेवून जातो. लगेजला वजनाची मर्यादा आहे!" सगळे हसले. सेतुराव उठले आणि घडी केलेली जरीची शाल त्यांनी साहेबांच्या हातांत ठेवली.

"जड आहे हो!" साहेब म्हणाले. घडी उलगडली. आत कोऱ्या करकरीत चपला, नंबर नऊ.

सेतुरावांनी हात जोडले. "आपण इतकी वर्षं शालजोडीतले दिलेत. आम्हांस एकदाच जमलं."

मी 'सॉरी'ची वाट पाहत होतो.

सेतुराव जागेवर जाऊन बसले.