दगडाबाईचा आवाज कंपनीचा झाला

मी दिवसातून दोनशे वेळा 'मला मान्य आहे' या चौकोनात टिक करते. उत्पन्नाचा दाखला असो, पीक विमा असो, पॅनकार्ड असो, शेवटी तो चौकोन असतोच. त्याच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला कर्जतच्या स्टँडसमोर वेळ कुणाला आहे? एक माणूस काउंटरवर उभा, त्याच्यामागं सहा जण, आणि त्यातला एक कायम "ताई, माझी एसटी निघाली!" म्हणून बोंबलत असतो. मी टिक करते, प्रिंट काढते, पुढचा. माझं नाव ज्योती. सोळा वर्षं हे ऑनलाइन फॉर्मांचं दुकान चालवतेय, आणि माझ्या हातचा फॉर्म कधी परत येत नाही असं मी सगळ्यांना तोंड वर करून सांगायचे. आता सांगत नाही.

दगडाबाई खेतमाळीस माझ्याकडं पहिल्यांदा आली ती म्हातारपणाच्या पेन्शनच्या फॉर्मासाठी. वय सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं, आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, म्हणजे खरी कुणालाच माहीत नाही. आधीची चार भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापानं हिचं नाव दगडा ठेवलं. सगळं आयुष्य कांदा लावण्यात आणि काढण्यात गेलेलं. बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या की मशीन अंगठा घेईना. सर्व्हर बंद, अंगठा लागेना, बाई बाकड्यावर बसून राहिली आणि स्वतःशीच गुणगुणायला लागली.

"हळद दळता बाई, पिवळे झाले हात,
उद्या माझी मैना परक्या अंगणात."

अहो, दुकानातली गर्दी गप झाली! तो एसटीवाला पण गप झाला. मी म्हटलं, "मावशी, हे काय म्हणताय?"

"हळदीचं हाय. आमी जात्यावर म्हनायचो. आता कोन इचारतंय? डीजे आला, अन् आमाला बोलवनं बंद झालं. मी न्हाई रुसले कुनावर. पर घसा रुसला बग."

पूर्वी चार गावांत कुठंही लग्न निघालं की हळद दळायला पाच सवाष्णी आणि म्हणायला दगडाबाई, हे ठरलेलं. एकेका लग्नात ती तीन-तीन तास म्हणायची आणि एक ओवी दोनदा यायची नाही. त्या दिवशी मी तिला परत म्हणायला लावलं, मोबाईलवर शूट केलं आणि तिच्या नावानं यूट्यूबवर चॅनल काढून टाकलं. हौस माझीच. दगडाबाईला चॅनल म्हणजे काय ते आजही नीट सांगता येणार नाही.

पण काय सांगू तुम्हाला! पुणतांब्यापासून जामखेडपर्यंतच्या बायका ऐकायला लागल्या. सासरी नांदणाऱ्या पोरी खाली लिहायच्या, "माझी आई असंच म्हणायची." मी ते दगडाबाईला वाचून दाखवायचे आणि ती पदरानं डोळे पुसत म्हणायची, "अजून एक वाच." दर सोमवारी बाजाराच्या पिशवीसकट दुकानात यायची, दोन गाणी द्यायची, चहा प्यायची. वर्षभरात तिला हळदीला बोलावणी यायला लागली. दोन वर्षांत तर तिची तारीख मिळेना. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मीच तिच्या तारखा लिहायचे. बाईची चालच बदलली होती. मला एवढा आनंद झाला होता की मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, आयुष्यात एक तरी काम बरं केलं मी.

मग आला गोरक्षनाथ. त्याला सगळे गोरख डीजे म्हणतात. तिशीचा असेल, टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, आणि बोलायला एकदम गोड. सोमवारीच आला, दगडाबाई बसलेली बघून पाया पडला. "मावशी, तुमचं ते हळदीचं मला द्या ना. खाली बीट टाकतो. पोरं नाचतील बघा."

"घे की बाबा," दगडाबाई म्हणाली. "गानं मागाया आल्याला कुनी न्हाई म्हनतं का?"

खरंच, हळदीच्या गाण्याला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. एकीला येतं, दुसरी मागते, पहिली म्हणून दाखवते, तिसरी उचलते. त्यात कसली परवानगी आणि कसलं काय? मी पण तिथंच होते. मी पण म्हटलं, घे रे, मावशीचं नाव होईल. हाय रे माझी अक्कल!

गोरखनं आमच्याच व्हिडिओतला आवाज काढून घेतला, खाली धाडधाड बीट टाकलं आणि मुंबईच्या एका कंपनीला दिलं. गाणं असं चाललं की विचारू नका. प्रत्येक वरातीत तेच, प्रत्येक रीलला तेच. गाण्यावर नाव डीजे गोरखचं. दगडाबाईला राग आला नाही. "पोरगं चांगलं निघालं की," एवढंच म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास माझ्या कॉम्प्युटरवर चॅनलचा एक मेसेज आला. इंग्रजीत होता. तुमच्या पहिल्या व्हिडिओतलं गाणं अमुक कंपनीच्या मालकीचं दिसतंय, असा काहीतरी मजकूर, आणि खाली दोन बटणं. एक मान्य करायचं, दुसरं तक्रार करायचं. काउंटरवर शिष्यवृत्तीचा शेवटचा दिवस चालू होता, पोरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी काय केलं असेल? हाताला जी सवय तेच केलं. मान्य आहे.

पुढचे दोन महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी दगडाबाई समोर बसलेली असताना तिचा पहिला व्हिडिओ लावायला गेले तर काळा पडदा. "कॉपीराइटमुळे उपलब्ध नाही." आठवड्यात अजून एक गेला.

"काय झालं गं?" दगडाबाईनं विचारलं.

"मावशी, कंपनी म्हणते हा आवाज त्यांचा आहे."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

मी तक्रार केली. सगळं खरं लिहिलं. आवाज दगडाबाईंचा आहे, गाणं पारंपरिक आहे, पिढ्यान्‌पिढ्या बायका म्हणत आल्या, कुणा एकाचं नाही. पत्त्यात जिल्हा अहिल्यानगर लिहिला तर त्यांच्या यादीत अहमदनगरच, मग तेही बदललं. चार आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. गाणं कुणा एकाचं नाही असं तुम्हीच लिहिता, म्हणजे तुमचा त्यावर हक्क नाही. आमच्याकडं ते रीतसर नोंदलेलं आहे. शिवाय आमचा दावा तुम्ही दिवाळीत मान्य केलेला आहे. ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. थोबाडीत बसल्यासारखं झालं मला.

गोरखला फोन करून दुकानात बोलावलं आणि असा झाडला, असा झाडला की समोरच्या रसवंतीवाल्यानं घुंगरू थांबवलं. तो खाली मान घालून उभा. "ताई, कंपनीच्या फॉर्मात गीतकार, संगीतकार असं विचारलं होतं. रकाना मोकळा सोडला की पुढं जाईना. मग मी माझं नाव टाकलं. कंपनीला फोन लावले, कुणी उचलत न्हाई. आता माझ्या हातात काही राहिलं न्हाई. अहो, माझ्याच पेजवरनं माझंच गाणं उडालं!" आणि हे खरं होतं, त्यानं दाखवलं. एवढा दांडगा माणूस रडवेला झाला. शिव्या द्यायच्या सोडून मी त्याला पाणी दिलं.

कोर्टाजवळ बसणाऱ्या वकीलसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "कायद्यानं बाई बरोबर आहे. आवाजावर तिचा हक्क आहे. पण ते मुंबईत जाऊन सिद्ध करावं लागेल, तारखांवर तारखा पडतील. तिचं वय काय म्हणालात?" मी वय सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.

अशा तक्रारींचे तीन फटके बसले की यूट्यूब चॅनलच काढून टाकतं, आणि मग आमच्यावर तिसरा बसला. सात दिवसांत चॅनल कायमचं बंद, दीडशे गाण्यांसकट. शेवटचा एकच मार्ग उरला होता, एक फॉर्म. त्यात दगडाबाईच्या नावानं शपथेवर लिहून द्यायचं होतं की ही माझी स्वतःची निर्मिती आहे. खोटं निघाल्यास शिक्षेला पात्र राहीन. वकीलसाहेबांनीच सांगितलं, आता पारंपरिक-बिरंपरिक लिहीत बसू नका, सरळ माझं म्हणा.

सोमवारी मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं दोनदा ऐकलं.

"शपत?"

"हो. नुसतं म्हणायचं, हे गाणं मी रचलं."

"म्या कुठं रचलं? सासूनं शिकवलं मला. तिला तिच्या नंदंनं. मपलं कसं म्हनू?"

"मावशी, त्या सगळ्या गेल्या. कोण बघायला येणार आहे?"

"गेल्या म्हनून त्यांचं ते मपलं झालं व्हय?"

मी चिडले. हो, चिडलेच. म्हटलं, "त्या गोरखनं लिहिलं ना बिनधास्त! ती कंपनी लिहितेय! ज्यांना एक ओवी येत नाही ते माझं माझं म्हणतात, आणि तुम्ही एवढी वर्षं घसा झिजवलात, तरी तुमच्या तोंडातून शब्द निघेना! उद्या कुणी हळदीला बोलावणार नाही तुम्हाला. मग बसा शेळ्यांना ऐकवत!"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. दगडाबाई पिशवीचे बंद नीट करत बसली. मग म्हणाली, "ज्योते, तू रागावू नगं. मला गानं म्हनाया पायजेल, ते खरं हाय. त्याबिगर मला करमत न्हाई. पर सासू माझ्या डोळ्याम्होरं उभी ऱ्हाती. ती मेल्यावर तिच्या अंगावरचं लुगडं काढून घेतल्यागत हुईल ते."

फॉर्म समोर उघडा होता. माऊस माझ्या हातात. चौकोन तोच, रोज दोनशे वेळा टिक करते तो. ती वाचू शकत नाही, मी टिक केली असती तर तिला कळलंही नसतं. माझं बोट काही खाली जाईना. मी खिडकी बंद केली आणि चहा मागवला. त्या शुक्रवारी चॅनल गेलं. शोधलं की फक्त राखाडी पान येतं.

मला वाटलं होतं, जाऊ दे, चॅनल गेलं तर गेलं, हळदीत तरी बाई म्हणेल. गळा काय कंपनी घेऊन जाणार आहे? एवढी मी भोळी.

वैशाखात दिपालीचं लग्न होतं, आमच्याच गल्लीतली पोरगी. राशीनच्या रस्त्याला एक लॉन आहे, तिथं हळद. दिपालीच्या आजीनं हट्टानं दगडाबाईला बोलावलं. सकाळी दहाला आम्ही दोघी गेलो. दगडाबाईनं ठेवणीतलं हिरवं नेसलेलं. जात्यावर नावापुरती हळद दळली, दगडाबाईनं वाटीत हात घातला आणि घसा साफ केला. तेवढ्यात शूटिंगवाला आला. वाईट नव्हता तो, अगदी वाकून बोलला.

"आजी, तुमी नका म्हणू. मागच्या महिन्यात मिरजगावच्या लग्नात तुमी म्हणलात अन् त्या पार्टीचा आख्खा व्हिडिओ उडाला. तुमचा आवाज आला की यूट्यूब पकडतंय. माझं चॅनल जाईल हो."

"मग मी काय करू?" दगडाबाईनं विचारलं. खरंच विचारलं, लहान पोरीसारखं.

"बसा की निवांत. गाणं आपलं डीजेवर हाय. ते चालतंय, ते कंपनीचं हाय, रीलच्या यादीतच येतंय."

आणि लागलं. आधी बीट, मग स्पीकरमधून दगडाबाई. हळद दळता बाई, पिवळे झाले हात. पोरी नाचायला लागल्या. आमच्या शेजारची एक पाहुणी मला म्हणाली, "काय आवाज आहे हो! कोण आहे ही बाई?" मी सांगायला तोंड उघडलं तर दगडाबाईनं माझं मनगट धरलं, हळदीच्या हातानं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. मग ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

"ज्योते, ह्यानं पुढचं कापलं गं. नुसतं परक्या अंगनात, परक्या अंगनात. आशीर्वाद कुठाय?"

हळदीचं गाणं मधेच तोडत नसतात. नवरीला परक्या अंगणात नेऊन सोडलं की शेवटच्या ओवीत तिथं तिचं बरं होऊ दे म्हणून मागायचं, मगच थांबायचं. रीलला चाळीस सेकंद लागतात, तेवढेच गोरखनं ठेवले होते. ते संपलं की परत पहिल्यापासून.

दगडाबाई उठली. माईककडं नाही गेली. पाटावर बसलेल्या दिपालीजवळ गेली, तिच्या दोन्ही गालांना हळद लावली, तिच्या कानाशी वाकली आणि म्हणायला लागली. ओठ हलताना मला दिसत होते, गळ्याची शीर तटतटलेली दिसत होती. ऐकू काही येत नव्हतं. स्पीकर आमच्या पाठीशीच होता.

दिपालीनं डोकं वर केलं. हसून, मोठ्यानं ओरडून विचारलं, "काय म्हणताय आजी? गाण्यामुळं काही ऐकू येईना!"