निनादची वही आणि आजचा चौकोन

निनादच्या नावाचं मतदानाचं कार्ड त्याच्या तेराव्याला आलं.

शनिवार होता. लॅपटॉपवर मिरजेहून गुरुजी मंत्र सांगत होते, त्यांच्या शेजारी सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. इकडे आमच्या दारावर पोस्टमनने बेल वाजवली.

"काय आलंय गं?" आईंनी स्क्रीनवरून विचारलं.

"काही नाही आई. सरकारी आहे."

खोटं नव्हतं ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निनाद माझा नवरा. म्युनिकला इंजिनीअर. उद्या सोमवारी पाच आठवडे होतील. ऑफिसात कॉफी मशीनपाशी कोसळला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल.

बास. त्यापुढचं वाक्य मी आजपर्यंत मराठीत लिहिलेलं नव्हतं.

जर्मनमध्ये लिहिलं. क्रांकेनकासे म्हणजे आरोग्यविमावाले, बँक, इमारतीचा कारभार बघणारी हाउसफरवाल्टुंग, सगळीकडे. फॉर्मवर चौकोन असतो, 'फेरश्टोर्बेन', माणूस हयात नसला की त्यात फुली मारायची. पटापट मारल्या. मराठीत मात्र तुमच्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. राग मानू नका.

आता वहीबद्दल सांगते.

आमच्या भागाच्या एक खासदारबाई आहेत. संसदेत नावानिशी मतदान झालं की कुणी काय मत दिलं ते जाहीर होतं. निनाद ते दर वेळी बघायचा आणि वहीत उतरवायचा.

विषय, तारीख, आणि पुढे एक चौकोन.

बाईंचं मत 'हो' असेल तर निळा, 'नाही' तर लाल. तटस्थ राहिल्या तर चौकोन पांढराच. संसदेतल्या मतपत्रिकांचे रंग तेच असतात म्हणे. रंगपेन्सिली आमच्या लेकीच्या, इराच्या. त्यावरून दोघांची रोजची भांडणं.

मी त्या बाईंना सवत म्हणायचे.

"अरे, तुला मत तरी आहे का इथे?"

"मत नसलं म्हणून काय झालं? लक्ष तर ठेवता येतं!"

तेव्हा त्याच्याकडे भारताचाच पासपोर्ट होता. वही बघून तो त्यांना पत्रं लिहायचा. भाडेकरूंच्या कायद्यावर लिहिलं, रेल्वेवर लिहिलं. पेन्शनवर तर चार पानं. उत्तर कधी यायचं, कधी नाही.

त्याचा एक नियम होता. बाई गैरहजर असल्या तर नुसतं 'गैरहजर' लिहायचं नाही. कारण लिहायचं.

"कारणाशिवाय गैरहजर लिहिणं म्हणजे चहाडी," म्हणायचा.

मग हा बाबा त्यांच्या ऑफिसला फोन करणार. एकदा मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता.

"आपण मतदार आहात का?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"नाही. रहिवासी आहे."

 तो माणूस म्हणाला, बाईंचे वडील वारले.

निनादने फोन ठेवला. वहीत पेन्सिलीने लिहिलं, "वडील गेले." आणि संध्याकाळभर बसून सांत्वनाचं पत्र लिहिलं. माझ्याकडून जर्मन तपासून घेतलं.

"ती ओळखते तरी का तुला?"

"मी ओळखतो ना."

गेल्या वर्षी त्याला नागरिकत्व मिळालं. मी अर्ज केला नव्हता. माझा निळा पासपोर्ट माझ्याने सोडवेना, त्यावरून आमचं वाजलंही होतं. पण त्या दिवशी मी श्रीखंड केलं. त्याने तीन वाट्या खाल्ल्या.

"मग, पहिलं मत सवतीलाच ना?"

"बघू. आल्झो, म्हणजे वही वाचून ठरवणार. सगळी, पहिल्या पानापासून."

शेवटच्या पानावर त्याने लिहून ठेवलंय, "माझा निर्णय". पुढे काही नाही.

आज मतदान होतं. केंद्र इराच्याच शाळेत.

मी कार्ड घेऊन गेले. का गेले, मला विचारू नका. यादीत त्याचं नाव बघायचं होतं, एवढंच.

टेबलामागच्या आजींनी पट्टी सरकवत नाव शोधलं. होतं. पण त्यावर रेघ मारलेली होती, पट्टी धरून, सरळ.

त्यांनी वर बघितलं, हळू आवाजात सांत्वन केलं. मी थँक यू म्हणाले आणि कार्ड परत घेऊन आले. रडू आलं नाही. येतच नव्हतं.

घरी आले तर इरा वही उघडून बसली होती. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन.

तिने पट्टीने एक नवा चौकोन आखला होता. आजची तारीख. पण या वेळी नाव बाईंचं नव्हतं. 'पापा' होतं.

"पापा हाट गेफेल्ट," ती म्हणाली. पापा गैरहजर होता.



तिने पेन्सिल माझ्यापुढे धरली. तिचं म्हणणं, मी शाळेत गेले नाही की तूच कारण लिहून देतेस ना, मग पापाचंही तूच लिही.

"तूच लिही ना बाळा."

"नाइन," तिने मान हलवून नाही म्हटलं. "मुलांनी नाही लिहायचं." हे मात्र मराठीत म्हणाली. "आईनेच लिहायचं."

बरोबरच होतं. शाळेचा नियम आहे, आणि तिच्या बापाचाही होता.

मी पेन्सिल घेतली. पाच आठवडे जे लिहिता आलं नाही, ते त्याच्याच अक्षरांखाली, त्याच्याच पद्धतीने लिहिलं.

गैरहजर. कारण: निनाद गेला.

इराने वाचलं. मग माझ्या मांडीवर येऊन बसली, वही मिटली नाही. आणि मग मला रडू आलं.

निनाद, माझी लाडकी कटकट, तुझी नोंद पूर्ण केली.

नमस्कार तुला.