रुमालाखालचा आकडा

१४ मार्च २०२३, मंगळवार. मिनाज जाफर मुलाणी हिच्या चालू खात्यावर ₹८,७६,४१५ जमा झाले. पैसे युरोपातल्या एका कंपनीने पाठवले होते. टीव्हीला जोडून खेळायची जी यंत्रे असतात, ज्यांना कन्सोल म्हणतात, त्यांच्यावर इतरांनी तयार केलेले व्हिडिओ गेम आणायचे, हा त्या कंपनीचा धंदा. मिनाज असा एक गेम तयार करत होती. त्याच्या खर्चापोटी आलेला हा पहिला हप्ता.

मी येरमाळ्याच्या पतसंस्थेत हिशेब पाहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मिनाजचे वडील जाफरभाई आमचे जुने सभासद, शेळ्यांच्या बाजारातले दलाल. पोरीचे कागद वाचायला घरात कोणी नाही म्हणून ते कागद माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले.

पैसे जमा झाल्याचे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा जाफरभाई ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"अप्पा, येवढ्यात किती शेळ्या यायच्या?"

"तुमच्या बाजारात मावणार न्हाईत."

"मग ही पोरगी खोटी शेळी कशाला बनवायलीय?"

आतून मिनाज म्हणाली, "खोटीला चारा लागत न्हाई, अब्बा."

मिनाज तेव्हा एकतीस वर्षांची होती. पुण्यात आठ वर्षे एका कंपनीत मोबाइलचे गेम बनवायची. रंगीत गोळ्या जुळवायच्या, जुळल्या की फुटायच्या. तिचे काम एवढेच की माणूस कुठल्या गोळीपाशी अडतो आणि पुढे जायला पैसे भरतो, ते शोधायचे. त्यात ती हुशार होती, पगारही चांगला होता. टाळेबंदीत गावी आली आणि परत गेली नाही. महामार्गाच्या कडेला टायरच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुरुम गावचा शिवलिंग नावाचा चित्रकार सोबतीला घेतला. तो शेळ्या काढायचा, ही त्यांना चालवायची.

तिला मी बसून काम करताना फारसे पाहिले नाही. दोन पत्र्याच्या पेट्या एकावर एक ठेवून त्यावर लॅपटॉप, आणि ही उभी. खालून ट्रक गेला की खिडकी वाजायची, तशी ही खिडकीशी जायची, परत यायची. चहा टाकायची आणि विसरायची. शिवलिंग उठून गॅस बंद करायचा. "ताई, हे तिसरं पातेलं जळालं," म्हणायचा.

गेमचे नाव होते 'रुमाल'.

आमच्याकडे जनावरांच्या बाजारात जुने दलाल भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. मिनाजने सगळा गेम यावर उभा केला होता. पडद्यावर शेळी, समोर दलाल, दोघांच्या हातांवर रुमाल. आकडा कुठेच दिसत नाही. खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर थरथरतो. एक ठोका म्हणजे एक बोट. त्यानेही बटण दाबून बोटांनीच उत्तर द्यायचे. भाव ठरायच्या आधी शेळीभोवती फिरायचे, दात बघायचे, कास बघायची, चाल बघायची.

मी एकदा खेळलो. कंट्रोलर हातात धडधडला तेव्हा नकळत मी खाली हाताकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते. तरी पुढची पाच मिनिटे माझे लक्ष शेळीच्या तोंडावरून हलले नाही. गेममध्ये माझे पैसे बुडाले.

करार मी तीनदा वाचला होता. एका कलमात लिहिले होते की गेम कसा असावा हे मिनाजच ठरवेल, त्याचे हक्कही तिचेच. त्याच्याच खालच्या ओळीत, कन्सोलवर आणण्यासाठी कंपनीची वाजवी मान्यता लागेल. आणि हप्ता मान्यतेनंतर. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. मिनाज म्हणाली, "सगळ्यांच्या करारात असतं, अप्पा." खरेच असते म्हणतात. मी सही करू दिली.

दुसरा हप्ता विनातक्रार आला. मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा कंपनीने एवढेच विचारले की तुम्ही घर बदलले का. तिसऱ्या हप्त्यापूर्वी त्यांनी गेम चाळीस अनोळखी माणसांना खेळायला दिला. त्यांतल्या एकतीस जणांनी एकच तक्रार केली. गेममध्ये चूक आहे. करडू घेताना दोन ठोक्यांना दोन हजार गेले, आणि बोकड घेताना त्याच दोन ठोक्यांना वीस हजार.

मिनाजने तो अहवाल मला वाचून दाखवला तेव्हा ती पायऱ्यांवर उभी होती, मी खाली.

"अप्पा, ह्यात चूक काय? बोकड काय दोन हजाराला येतोय?"

मलाही चूक दिसेना. शिवलिंगलाही नाही. अर्धा दिवस आम्ही तिघे त्या कागदाकडे बघत होतो. मग शिवलिंगच म्हणाला, "ताई, त्यांना काय ठाऊक बोकड कितीला येतो?"

बाजारात बोट धरताना ते शंभराचे, हजाराचे की दहा हजाराचे हे कोणी सांगत नाही. जनावर समोर उभे असते, तेवढे पुरते. शून्ये कोणीच मोजत नाही, म्हणून मिनाजनेही गेममध्ये ती कुठे सांगितली नव्हती. गेम दीड वर्ष रोज चालवून पाहिला, पण पाहणारे आम्ही सगळे येरमाळ्याचे, नाहीतर मुरुमचे.

दोन दिवसांनी कंपनीच्या मार्टिनशी व्हिडिओवर बोलणे झाले. मिनाजने मला शेजारी बसवले. माणूस सभ्य होता. गेम मनापासून आवडला आहे असे त्याने दोनदा सांगितले, आणि मला ते खोटे वाटले नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. कन्सोलवर गेम विकत घेणारा माणूस अर्ध्या तासात गोंधळला तर पैसे परत मागतो. तेव्हा रुमाल राहू दे, ठोकेही राहू देत, फक्त पडद्याच्या कोपऱ्यात चालू भावाचा आकडा दाखव. ज्याला नको त्याने तो बंद करावा. सुरुवातीला मात्र चालू असेल.

मिनाज म्हणाली, "आकडा दिसला तर रुमाल कशाला?"

"सुंदर दिसतो," मार्टिन म्हणाला.

फोन बंद झाल्यावर ती खोलीत फेऱ्या मारू लागली. मी माझे मत सांगितले. कोपऱ्यात एक आकडा, तोही बंद करता येणारा. तेवढ्यासाठी तिसरा हप्ता अडवून घेणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

"अप्पा, वाजवी म्हंजे काय?"

"ज्याच्या हातात हप्ता आहे त्याला जे वाटंल ते."

"मग वरची ओळ कशाला लिहिली?"

मी करार उघडून माझी पेन्सिलची रेघ पुन्हा पाहिली.

पुढचे दोन आठवडे ती कुठेच टिकून बसली नाही. सकाळी आमच्या शाखेत यायची, काउंटरला हात टेकून काहीतरी सांगायला सुरुवात करायची आणि निम्म्यात निघून जायची. एकदा बसने धाराशिवला गेली आणि स्टँडवरूनच परत आली. कशाला गेली होतीस म्हटले तर म्हणाली, "बसमधी बरं वाटतंय." मीही नीट जेवत नव्हतो. भाडे, शिवलिंगचे मानधन, विजेचे बिल, सगळे तिसऱ्या हप्त्यावर टेकलेले होते आणि ते मला पाठ होते.

शेवटी तिने आकडा टाकून पाहिला. कोपऱ्यात, लहान, पिवळा. आणि खेळायला जाफरभाईंना बसवले.

जाफरभाईंनी आधीचा गेम दोन-चारदा खेळला होता. प्रत्येक शेळीला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरायचे, ओठ वर करून दात बघायचे, पाटीचे, म्हणजे तरण्या शेळीचे, पोट नीट काढले नाही म्हणून शिवलिंगला शिव्या द्यायचे. "दोन दाती पाटीचं पोट असं असतंय व्हय रं?" त्या दिवशी मात्र ते भराभर सौदे करू लागले. चार, साडेचार, पाच, झाला. पुढची आण. दहा मिनिटांत सात शेळ्या.

"हे लई सोपं झालं की, बेटी! आधीच असं करायचं."

मिनाज त्यांच्या मागे उभी होती. "अब्बा, चौथी कशी होती?"

"कसली चौथी?"

"तुमी आत्ता घेतली ती. काळी."

जाफरभाईंनी गेममध्ये मागे जाऊन पाहिले. काळी शेळी मागच्या पायाने लंगडत होती. शिवलिंगने ते इतके स्पष्ट काढले होते की मला लांबून दिसले. चाळीस वर्षे बाजारात उभा राहिलेला माणूस लंगडी शेळी घेऊन बसला होता. ते मोठ्याने हसले. "आकडा बघत होतो ना! बाजारात काय कोपऱ्यात आकडा दिसतोय?"

शिवलिंग हसला, मीही हसलो. मिनाज हसली नाही. तिने कंट्रोलर वडिलांच्या हातातून घेतला, आकडा काढून टाकला आणि पुन्हा पेट्यांपाशी जाऊन उभी राहिली.

शून्यांची अडचण तिने दुसऱ्या तऱ्हेने सोडवली. बाजारात सौदा चालू असला की भोवती रिकामी माणसे बडबडत असतात. तीच तिने गेममध्ये आणली. एक म्हातारा पुटपुटतो, "असाच बोकड मागल्या बाजारी अठराला गेला." दुसरा म्हणतो, "अठरा हजार? येडा होता घेणारा." यांतला एक खोटेही बोलतो, कारण तो दलालाचा माणूस असतो. आवाज जाफरभाईंचा आणि खालच्या टायरवाल्या बलभीमचा. खाली भाषांतर. खेळणाऱ्याने ऐकायचे, शेळीकडे बघायचे आणि आपले आपण ठरवायचे.

पाठवला. आठ दिवस उत्तर नाही. त्या आठ दिवसांत तिने महामार्गाच्या कडेने किती फेऱ्या मारल्या असतील, चहावाल्यांना विचारा.

उत्तर आले ते चांगलेच होते. बडबड फार आवडली, ती राहू दे. पुन्हा खेळायला दिल्यावर तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. तरीही आकडा हवाच. सुरुवातीला चालू. त्यांच्या वरच्या लोकांनी ठरवले होते आणि मार्टिनच्या हातात काही राहिले नव्हते. त्याशिवाय तिसरा हप्ता मंजूर होणार नाही, आणि ठरलेल्या महिन्यात गेम कन्सोलवर येणार नाही.

मी म्हणालो, "मिनाज, टाक आणि मोकळी हो. बंद करता येतोच की."

"कोण बंद करंल, अप्पा? अब्बांनी केला का?"

"लोकांना लंगडी घ्यायची असंल तर घेऊ दे."

"घेऊ दे की. पण मी आकडा दाखवून घ्यायला लावणार न्हाई. हेच तर पुण्यात करत होते."

जाफरभाई सुपारी कातरता कातरता थांबले. "आपल्या पोरीला घरी आलेली लक्ष्मी नको झालीय, अप्पा. उद्या पावणे विचारतील, पोरगी काय करती? काय सांगू? शेळ्या राखती, त्या पण दिसत न्हाईत?"

"सांगा, दलाली करती," मिनाज म्हणाली.

"दलाल सौदा तोडत न्हाई."

"तोडतो. रुमाल झटकून उठतो. मीच बघितलंय तुमाला."

जाफरभाईंनी अडकित्ता खाली ठेवला आणि नमाजाला उठून गेले.

जून २०२४ मध्ये तिने कराराबाहेर पडायचे ठरवले आणि तसे कळवले. मी मसुदा पाहिला. कंपनीने अडवले नाही. गेम कन्सोलवर येणार नाही, हक्क मिनाजकडे, आणि दुसऱ्या हप्त्यापैकी सहा हजार युरो सहा भागांत परत. मार्टिनने वेगळे चार ओळींचे पत्र पाठवले, त्यात शेळ्यांची आठवण येईल असे लिहिले होते. मिनाजने ते वाचले, मोबाइल पालथा ठेवला आणि खाली उतरून महामार्गापर्यंत जाऊन आली.

शिवलिंगला पुण्यात नोकरी मिळाली. जाताना त्याने सगळी पातेली घासून ठेवली. एक खोली सोडली. मिनाज आता सकाळी पुण्याच्याच एका कंपनीचे काम इथून करते. पुन्हा गोळ्याच. दुपारनंतर पेट्यांपाशी उभी राहते. 'रुमाल' पुढच्या जानेवारीत साध्या संगणकासाठी निघाला, ज्याच्याकडे कंट्रोलर असेल त्याच्यासाठीच. पहिल्या तीन महिन्यांत सहाशे अकरा प्रती खपल्या. त्यातून परतफेड होत नाही, पगारातून होते. कन्सोलवर आला असता तर किती खपल्या असत्या, याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता. तिने पेन हातातून काढून घेतले.

आकडा त्यात नाही. जाफरभाई अजून म्हणतात, आकडेवाला चांगला होता. म्हणतात आणि खेळतात. परवा खेळताना त्यांनी एका पाटीचा ओठ वर करून इतका वेळ दात पाहिले की गेममधला दलाल कंटाळून उठून गेला. त्याला परत कसे बोलवायचे म्हणून ते मिनाजला हाका मारत होते, आणि ती गच्चीवर येरझाऱ्या घालत नव्या कशाचा तरी विचार करत होती. तिने ऐकले नाही.

परतफेडीचा सहावा आणि शेवटचा भाग गेल्या महिन्यात पाठवला. मधल्या बँकेने आपले शुल्क त्यातूनच कापले, त्यामुळे कंपनीला तेवीस युरो कमी पोचले. ते देणे अजून बाकी आहे.