पांढऱ्या साडीची धास्ती

त्या पावसाळ्यात गावभर बोभाटा झाला होता की मी माझ्या सासूला बुद्धविहारात जाऊ देत नाही. नव्वदीच्या दशकातली, तासगावच्या बाजूच्या आमच्या गावातली गोष्ट.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. वर्षावासातलं ग्रंथवाचन आत्यांकडं असायचं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या पुढं चटईवर बसायचं आणि वाचायचं. पन्नाशीच्या आसपास त्या वाचायला शिकल्या होत्या, त्यामुळं वाचन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एखादं जोडाक्षर अडलं तर तिथं थांबून, ते नीट उच्चारूनच पुढं जायच्या, आणि समोरची माणसं बिनतक्रार थांबायची. त्या वर्षी मात्र वाचन सुरू होऊन पंधरवडा उलटला तरी बाई घरात. विचारलं की म्हणायच्या, "गुडघं दुखत्यात." गुडघे दुखणारी ही बाई पहाटे आमच्याआधी उठून स्वतःची लुगडी धुवायची आणि अंगणातली दोरी सोडून परसात भिंतीआड वाळत घालायची.

नवऱ्याला म्हटलं, जरा बघा. तो म्हणाला, "वय झालंय, चालायचंच." आमच्याकडं वयाच्या नावावर काहीही खपतं. मी शाळेत शिकवणारी, चारचौघांत माझी उठबस, आणि वर हा सासूचा छळ करत असल्याचा आळ. मी भडकलेच होते. एका रविवारी आत्यांनी दुपारचा चहाही नाकारला, तेव्हा मी कप बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसले.

"आत्या, माझ्यावर रुसलाय का तुमी? खरं काय ते सांगा."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावर कशाला रुसू गं? लुगडं भिजतंय माझं. शिंकलं तरी भिजतंय, उठाय गेलं तरी भिजतंय. सगळ्यांच्या म्होरं पांढऱ्या साडीवर डाग पडला, तर विहारात परत पाय कसा ठिऊ? म्हणून पाणीच सोडलंय. तरी थांबत न्हाई, उलट आग व्हतीय."

खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं झालं. नको नको ते आजार माझ्या मनात येऊन गेले होते. मग त्यांच्या कोरड्या पडलेल्या ओठांकडं लक्ष गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

तासगावच्या डॉक्टरीणबाईंपुढं आत्या भिंतीकडं बघत बसल्या. सगळं मीच सांगितलं. लघवी तपासली, रक्तातली साखर तपासली. दोन्हीत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"सकाळी एक तांब्या. बास."

"इथंच चुकतंय बघा. पाणी तोडलं की लघवी दाट होते. ती पिशवीला टोचत राहते, आणि मग पिशवी भरायच्या आधीच घाई करते. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. चहा कमी करा. लागायची वाट बघू नका, घड्याळ बघून जात जा."

मग त्यांनी आवळायचा व्यायाम सांगितला. लघवी थोपवताना जिथं आवळतो, तिथंच बसल्याजागी आवळायचं, जरा धरायचं, सोडायचं. हे लघवी करत असताना मात्र करायचं नाही. औषध म्हणून एवढंच. "दोन-तीन महिने धीर धरा," असंही त्या म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर आत्या एस.टी. स्टँडवर घटाघटा पाणी प्यायल्या. इतक्या दिवसांची तहान होती ती.

त्यानंतर घरात एक नवीनच तमाशा सुरू झाला. भाकरी थापता थापता आत्यांचा हात मध्येच थांबायचा आणि चेहरा एकदम गंभीर व्हायचा. नवरा घाबरून विचारायचा, "आये, काय झालं?" त्या म्हणायच्या, "कामात हाय." मी पदरात तोंड घालून हसायचे. जुन्या सुती साडीच्या मऊ घड्या शिवून मी त्यांना आत घ्यायला दिल्या. विहाराशेजारच्या घरात संडास होता. तिथल्या बाईंना सांगून ठेवलं. पूर्ण थांबलं असं नाही, पण घाई आवरता यायला लागली. आश्विन लागायच्या सुमारास आत्या आपणहून पेटीतून पांढरी साडी काढून बसल्या.

विहारात त्या दिवशी चांगली गर्दी होती. आत्या खणखणीत वाचत होत्या. दोन पानं झाली असतील, त्यांनी चष्मा काढून पानावर ठेवला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "जरा थांबा. लघवीला जाऊन येते. पाणी लय प्यायला सांगितलंय डॉक्टरीणबाईनं."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. लाजेनं माझे कान तापले. तेवढ्यात माझ्या मागून एक म्हातारी जमिनीला हात टेकत उठली. "थांब गं, मी बी येते." तिच्यामागून दुसरी उठली. मग भिंतीला टेकलेल्या दोघी एकमेकींचा हात धरून उठल्या. इतकी वर्षं या सगळ्या जणी तिथं जीव मुठीत धरून बसत होत्या आणि आमच्यातल्या कुणाला पत्ता नव्हता.

पाची जणी बोलत बोलत बाहेर गेल्या. आम्ही बाकीचे त्यांची वाट बघत बसलो.