अंगठ्याच्या पैशांची रायफल

आमच्या ह्यांना उजव्या हाताचा अंगठा नाही. हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना प्रेस मशीनने तो मुळापासून नेला. मी तेव्हा विद्यानगरच्या शाळेत नववीला भूमिती शिकवत होते. शिपाई निरोप घेऊन वर्गाच्या दारात आला आणि माझ्या हातातला खडू तसाच पर्समध्ये पडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रुमाल काढायला गेले, तर पर्सभर पांढरी भुकटी झालेली.

कारखान्याने भरपाई दिली, ती आम्ही बँकेत ठेवली. घरात त्या रकमेला अंगठ्याचे पैसे म्हणतात. म्हणजे मी म्हणते आणि हे ऐकून घेतात. मुलीच्या लग्नात ओढाताण झाली, तेव्हासुद्धा त्या पैशांना आम्ही हात लावला नाही. कशाला वापरायचे ते दोघांनाही सुचत नव्हतं.

अंगठा गेल्यावर ह्यांच्यात एकच फरक पडला, पण तो फार मोठा होता. हा माणूस कुणाकडे काही मागेनासा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी शर्टाची बटणं लावायला पुढे झाले, तर हे एक पाऊल मागे सरकले. "राहू दे," म्हणाले. आठ दिवसांत तार वाकवून आणि तिला लाकडाची मूठ बसवून बटण लावायचं हत्यार तयार झालं. मग दाढीचं झालं. मग कांदा धरून ठेवणारी खिळ्यांची फळी, टूथपेस्ट पिळायचा चिमटा, पायजम्याची नाडी ओढायचा आकडा. टूलरूमच्या सवयीने प्रत्येकावर खाली बारीक अक्षरात महिना आणि वर्ष कोरलेलं. येणारेजाणारे कौतुक करायचे. कौतुक मलाही होतं, पण मनातून फार राग यायचा. तीस वर्षं ज्याचा डबा भरला, त्याच्या शर्टाचं एक बटण लावायला मिळू नये मला?

ह्यांना एकच नाद होता, नेमबाजीचा. कॉलेजच्या छात्रसेनेत लागला आणि सुटला नाही. दर रविवारी सकाळी धारवाडच्या बाजूला असलेल्या क्लबच्या रेंजवर जायचे आणि क्लबचीच रायफल वापरायचे. स्वतःची कधी घेतली नाही, कारण घरात काही ना काही आधी घ्यायचं असायचं. अंगठा गेल्यावर एकदाच जाऊन आले. क्लबच्या रायफली बोल्टच्या. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने तो बोल्ट, म्हणजे बाजूची लोखंडी दांडी, धरून उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. अंगठ्याशिवाय पकड बसत नाही, रायफल खांद्यावरून सरकते, नेम मोडतो. घरी आले, नेमबाजीचं जाड जाकीट घडी करून माळ्यावर ठेवलं आणि दोन वर्षं त्याचं नाव काढलं नाही.

मग निवृत्त झाल्यावर एक दिवस चहा पिताना म्हणाले, "अगं, मला रायफल घ्यायची आहे."

"घ्या की," मी म्हटलं. "येताना माझ्यासाठी एक तोफ आणा."

हे हसले नाहीत. वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने आकृती काढून मला शिकवायला लागले. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर एक गोळी सुटली की तिच्याच जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आपोआप आत जातं. सुरुवातीला एकदा बोल्ट ओढायचा, तो दोन बोटांचा आकडा करून ओढता येईल. पुढे सगळं काम एका बोटाचं, चापावरच्या.

"बोट आहे की माझ्याकडे," म्हणाले.

पैसे कुठले, ते विचारायला लागलं नाही, अंगठ्याचेच. त्या पैशांतून गच्चीवर एक खोली बांधावी असं माझ्या मनात होतं. तो विषय मी त्या दिवसापासून काढला नाही. फार तर दोनदा काढला असेल.

हुबळीतला बंदुकांचा दुकानदार म्हातारा होता, आणि गिऱ्हाइकाने घाई केलेली त्याला खपत नसे. "स्वल्प तडी, अण्णा, जरा दम धरा," म्हणून त्याने ह्यांना आधी बसवलं आणि मग समजावून दिलं. साध्या माणसाला परवान्यावर या जातीची मिळाली तर लहान बावीस बोअरचीच मिळेल, मोठीचा विचारही नको. देशी, कोरी रायफल हवी तर बोल्टची घ्या, स्वस्तात मस्त. सेमी-ऑटोमॅटिक हवी तर ती जुनी आणि परदेशी, कुणी विकायला काढेल तेव्हा. आणि विकणारा ती सोन्याच्या भावाने विकतो.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, अण्णांना सांगा की, बोल्टची घ्या म्हणून. निम्म्या पैशात येती."

मी म्हटलं, "त्यांना आपोआप चालणारीच पाहिजे. तीस वर्षं माझ्याशी संसार केलाय, दमलेत ते."

दुकानदार खो खो हसला. मग त्याची नजर ह्यांच्या हाताकडे गेली. बोल्टच्या रायफलीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. परवाना येऊ द्या, तोवर तुम्हाला हवी तशी शोधून ठेवतो, म्हणाला.

परवान्याला वर्षावर काळ गेला. कमिशनर ऑफिसात विचारलं, जीवाला धोका आहे का? हे म्हणाले, नाही, रविवारी नेमबाजी करायची आहे. असं खरं उत्तर तिथे फारसं कुणी देत नसावं, कारण साहेबांनी तेच दोनदा विचारलं. मग चौकशीला एक हवालदार घरी आला. चहा घेऊन झाल्यावर त्याने कन्नडमध्ये मला विचारलं, "यजमानांना राग येतो का?"

"नाही," मी म्हटलं. "या घरात राग मला येतो."

त्याने ते लिहून घेतलं की नाही देव जाणे. परवाना मात्र ह्यांच्याच नावाने आला.

दुकानदाराने शब्द पाळला. चिक्कमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यात, मालक गेल्यावर मुलांना नको झालेली एक रायफल होती. किंमत अंगठ्याच्या पैशांच्या बाहेरच होती, पण तिच्यात दोन खोडी निघाल्या. दस्त्याचं पॉलिश उडालेलं होतं, आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन एकच होतं. जादाचं हरवलेलं. नवं मागवायचं तर मिळेल की नाही सांगता येत नाही आणि मिळालं तरी परवडणार नाही. या दोन खोडींवर दुकानदाराने घासाघीस केली आणि रायफल बरोबर आमच्या पैशांत बसवली. हे तिला हातात घेऊन नुसते उभे राहिले. बघायला आलेल्या मुलाकडे सुद्धा मुलगी अशी बघत नाही.

तिच्यासाठी कमरीपेठेतल्या शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली. तो एरवी तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवतो, आणि ही पिशवीही त्याने तशीच शिवली, मरून रंगाची, खाली गोंडा लावून. गल्लीत बोभाटा झाला की मास्तरीणबाईंचे यजमान या वयात गाणं शिकायला लागले. समोरच्या काकूंनी विचारलं, "गुरू कोण केलेत?" मी म्हटलं, अजून सूरच लागला नाही, मग सांगते.

सूर लागायला खरंच वेळ होता. रायफल घरी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच निवडणूक लागली, आणि नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. हे दर आठवड्याला ठाण्यात चक्कर मारून यायचे. मुलीला सासरी धाडल्यावरसुद्धा ते तिच्याकडे इतक्या वेळा गेले नव्हते.

शेवटी एका रविवारी आम्ही रेंजवर गेलो. मी पहिल्यांदाच जात होते. माळ्यावरचं जाकीट काढलं होतं, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रेंज सांभाळणारे एक निवृत्त सुभेदार होते, त्यांनी ह्यांना कडकडून सलाम ठोकला. हे चटईवर बसले, रायफल पुढे ठेवली आणि मॅगझिन भरायला घेतलं.

आणि तिथे सगळं अडलं. मॅगझिन म्हणजे काडेपेटीहून जरा लांब अशी पत्र्याची डबी, आत स्प्रिंग. एका हाताने ती घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक काडतूस दाबून आत सरकवायचं. डाव्या अंगठ्याने दाबायचं तर डबी उजव्या हातात धरावी लागते, आणि त्या हाताला पकड नाही. गुडघ्यांत धरली, निसटली. दोन गोळ्या आत गेल्या, तिसरीला डबी उडाली आणि काडतुसं चटईभर घरंगळली. वर्षभर परवाना, किंमत, दस्ता, नळी, सगळ्याचा विचार झाला होता. आयुष्यभर यंत्रांत घालवलेल्या या माणसाला एवढी एक गोष्ट सुचली नव्हती. आता हे उठणार, जाकीट काढणार आणि पुन्हा कधी इकडे फिरकणार नाहीत, याची मला खात्री होती.

सुभेदार पुढे झाले. "सर, मी भरून देतो."

"नको," हे म्हणाले. चटईवरची काडतुसं एकेक करून गोळा केली. मग मान न वळवता, मागे बाकावर बसलेल्या माझ्याकडे त्यांनी डबी धरलेला हात लांब केला. "अगं, जरा भरून दे की."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी उठले, तर सुभेदारांनी अडवलं. चटईपाशी आखलेल्या रेषेच्या आत फक्त सभासद.

"मग करा मला सभासद," मी म्हटलं. शाळेतला आवाज लागला असणार, कारण ते मुकाट्याने फॉर्म घेऊन आले. सभासद होण्याचा उद्देश या रकान्यात मी लिहिलं, मॅगझिन भरणे.

पहिली दहा काडतुसं भरायला मला चांगली दहा मिनिटं लागली. नख मोडलं, बोटांना मेणासारखं चिकट, काळं काहीतरी लागलं. हे पालथे झोपले, दोन बोटांचा आकडा करून बोल्ट ओढला, आणि गोळ्या सुटल्या. मी कानांवर हात ठेवून ह्यांच्याकडेच बघत होते. कागद आणला तेव्हा दहातली सात भोकं काळ्या वर्तुळाच्या आत होती. ह्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि मॅगझिनही दिलं, पुन्हा भरायला. एकच होतं ना!

तेव्हापासून आमचे रविवार असे. पहाटे उप्पीट करून डब्यात घ्यायचं, गोंडेदार पिशवी घेऊन निघायचं. हे नेम धरणार, मी भरणार. एकदा मीही एक गोळी मारून बघितली, ती शेजारच्यांच्या कागदावर लागली आणि त्यांना उगाच एक गुण जास्त मिळाला. येताना हे भरभरून बोलायचे. वारा कसा होता, सातवी गोळी का चुकली. घरात दोन दोन दिवस न बोलणारा माणूस हा. मी मनात म्हणायचे, मॅगझिनची स्प्रिंग अशीच कडक राहो.

एक मात्र मला राहून राहून वाटायचं. कांद्यासाठी फळी करणारा, नाडीसाठी आकडा करणारा हा माणूस या डबीसाठी काही का करत नाही? पण विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि त्यांनी केलं, तर?

परवा कुकरचं हँडल ढिलं झालं. हे जुन्या मंडळींना भेटायला तारिहाळला गेले होते, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला मी त्यांच्या हत्यारांचा खण उघडला. एरवी मी त्याला हात लावत नाही. अगदी मागे, जुन्या बनियनच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं सापडलं. सागवानाचा ठोकळा, त्यात एक खाच, वर पितळेची दांडी. टूलरूमच्या फोरमनशी संसार केलाय, हत्यार कशाचं ते मला कळतं. तरी पिशवीच्या खिशातलं रिकामं मॅगझिन आणून खाचेत बसवून बघितलं. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. दांडीवर तळहाताने नुसतं दाबलं की आतली स्प्रिंग खाली जाते आणि काडतुसापुरती जागा मोकळी होते. अंगठा लागतच नाही.

उलटं करून बघितलं. खाली महिना आणि वर्ष कोरलेलं होतं. आम्ही पहिल्यांदा रेंजवर गेलो, तोच महिना. पितळेवर एक ओरखडा नव्हता. केलं होतं, आणि एकदाही वापरलं नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले, ठोकळा होता तसा बनियनमध्ये गुंडाळला, मागे सारला आणि खण लावला. कुकरचं हँडल ढिलंच राहिलं.

या रविवारी रेंजवर मी मॅगझिन भरत बसले होते. सुभेदार चहा घेऊन आले आणि माझ्या काळ्या बोटांकडे बघून म्हणाले, "सर, तुम्ही एवढी हत्यारं करता, याला एक करा की. मॅडमना किती त्रास होतो."

हे पालथे झोपून निशाणाकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "जमत नाही हो. स्प्रिंग फार कडक आहे."

"फारच कडक आहे," मी म्हटलं, आणि दहावी गोळी आत सरकवली.