पूजेतला पाना

नट हलत नव्हता, म्हणून अक्का पाइपवर चढली.

पान्याला लांब पाइप अडकवलेला. त्याच्या टोकावर ती दोन्ही पायांनी उभी. एक हात गाडीच्या टपावर. साडी खोचलेली.

मी आत ब्रेक दाबून बसले होते.

"सोडू नको गं शालू."

"नाही सोडत. तू पडशील."

"पडले तर नट सुटला म्हणून पडेन."

कट्ट असा आवाज झाला. पाइप खाली गेला. अक्का अंगणात बसकण मारून बसली, आणि बसल्या बसल्या हसायला लागली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारवाडच्या कॉलेजात तिनं फिजिक्स शिकवलं.

आज पहाटे ती गेली. स्वतःच्या घरात, झोपेत.

सकाळपासून फोन येताहेत. शेवटी कशी होती, असं सगळे विचारतात. मला शेवटचं काही सांगावंसं वाटत नाही. मला काही वर्षांपूर्वीची ती खंडेनवमी सांगायची आहे.

भावजी गेल्यावर अक्का एकटी राहू लागली. मुलगा निखिल पुण्यात. तिची गाडी जुनी. वळताना पुढच्या चाकांतून टक टक टक आवाज यायचा. ती कोपऱ्यावर वळली की गल्लीला कळायचं. एक्सल झिजले होते, दोन्ही बाजूंचे. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे दांडे ते.

गणपतीला निखिल आला, त्यानं तो आवाज ऐकला, आणि ठरवूनच टाकलं. गाडी विकायची. आईनं पुण्याला यायचं. गिऱ्हाईकही त्यानंच पाहिलं, हुबळीचं. दसऱ्याचा मुहूर्त, सकाळी येऊन गाडी नेणार.

त्याचं चूक नव्हतं. रस्त्यात एक्सल तुटला तर काय, असं तो विचारत होता.

तिनं एवढंच विचारलं, की त्याआधी आवाज थांबला तर?

"थांबला तर मी हा विषय परत काढणार नाही," निखिल म्हणाला. हसत म्हणाला.

अक्का हसली नाही.

नवे एक्सल मिळता मिळेनात. शेवटी हुबळीच्या दुकानदारानं अष्टमीच्या संध्याकाळी दिले. मी बसमधून घेऊन आले, पायाशी आडवे ठेवून. कंडक्टरनं विचारलं, तंबोऱ्याचे तुकडे आहेत काय.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, अक्कानं मेकॅनिकला फोन केला. बसवराज तिचा नेहमीचा. त्याच्या मागे घंटा वाजत होती.

"इवत्त मुट्टंगिल्लरी अक्कार," तो म्हणाला. आज हत्याराला हात लावायचा नसतो. सण झाला की येतो म्हणाला.

सण झाला की गाडी हुबळीला.

आमची पूजाही आटोपली होती. पाटावर अक्काची सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकू वाहिलेली, वर शेवंती. गाडीला झेंडूचा हार. आता उद्यापर्यंत कुणी काही उचलायचं नाही. आमच्याकडे आजवर कुणी उचललं नव्हतं.

अक्का पाटासमोर आली.

मग तिनं हात जोडले. मोठा पाना उचलला. त्याच्यावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा कपाळाला लावला.

शेजारच्या गंगाक्कांनी कंपाउंडवरून पाहिलं. पूजेतला पाना उचललास, म्हणाल्या, देव झोपलाय त्याच्यात.

"उठवते," अक्का म्हणाली. "बरंच काम आहे."

हे काम तिनं आधी कधी केलं नव्हतं. बसवराजला करताना पाहिलेलं, आणि गाडीचं पुस्तक वाचलेलं.

नट सुटल्यावर गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ओंडके दिले, चाक काढलं. पहारीनं जोर देऊन जुना एक्सल गिअरबॉक्समधून उपसला. बरोबर काळं ऑइल आलं आणि थेट रांगोळीवर सांडलं. आधी ऑइल काढून घ्यायचं असतं, हे दोघींना तेव्हा कळलं.

गंगाक्का आत गेल्या. जुनी परात घेऊन आल्या आणि खाली सरकवली.

मी तोवर नव्या एक्सलला हळदकुंकू लावून ठेवलं होतं. नवी वस्तू, आणि आजचा दिवस. अक्कानं ते पाहिलं. टोकाच्या खाचांतून कुंकू एकेक करून पुसून काढलं.

"बाहेरून लाव गं. आत ग्रीसच लागतं."

दुसरी बाजू लवकर झाली. नवं ऑइल भरलं. चाकं लावली, गाडी खाली घेतली, आणि नट आवळायला अक्का पुन्हा पाइपवर चढली. या वेळी ब्रेक सोडू नको असं तिला सांगावं लागलं नाही.

निखिल संध्याकाळी पोहोचला. आईचे हात कोपरापर्यंत काळे बघून त्यानं बॅग दारातच ठेवली.

कॉलनीमागच्या मैदानात गेलो. तो मधोमध उभा राहिला, हाताची घडी घालून. अक्कानं काचा खाली केल्या, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं आणि त्याच्याभोवती गाडी फिरवली. हार अजून बॉनेटवर होता.

टायरखाली खडी वाजत होती. बाकी काही नाही.

मग डावीकडे.

काही नाही.

"परत एकदा," निखिल म्हणाला.

तिनं परत फिरवली. फिरवतच राहिली. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. निखिल जागच्या जागी वळत तिच्याकडे बघत होता, आणि मला वाटतं तो रडत होता.

तिनं त्याच्याजवळ येऊन ब्रेक लावला.

"कोणत्या बाजूनं ऐकू आला?"

"कुठूनच नाही."

"मग बस. घरी सोडते."

निखिलनं तो विषय परत काढला नाही. अक्का धारवाडातच राहिली, आज पहाटेपर्यंत.

अक्का, तुझ्या धाकटीचा नमस्कार घे.

त्या दसऱ्याला सकाळी हुबळीचं गिऱ्हाईक हार आणि लिंबं घेऊन आलं. निखिलनं त्यांना चहा दिला. अक्का गाडी घेऊन शेजारच्या तालुक्याला, कलघटगीला गेली होती.